रात्र कोणासाठी जागवली?

सायकेडेलिक द्रव्यांवर संशोधन करणारे, त्यांच्या आधारे चेतनेचे तत्त्वज्ञान मांडणारे आणि आता त्यांचा रीतसर व्यापार उभारू पाहणारे अमेरिकेतील व युरोपातील सर्व मान्यवर यांस,



पत्रास कारण की, आपल्या विचारपरंपरेचे आद्य आचार्य म्हणून ज्यांचे नाव आपण आदराने घेता त्या आल्डस हक्सली यांनी आमच्या घरातले दोन शब्द तीस वर्षांच्या अंतराने उचलून नेले आणि त्या दोन शब्दांमध्ये एक प्रश्न तसाच अनिर्णित ठेवला. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीत त्यांनी माणसाला बाटलीत जन्माला घालणारे आणि त्याच्या दुःखाची धार गोळी देऊन बोथट करणारे एक राज्य उभे केले, आणि त्या गोळीला नाव दिले ‘सोम’. १९६२ साली, आयुष्याचे जेमतेम वर्षदीडवर्ष उरले असताना, ‘आयलंड’ या अखेरच्या कादंबरीत त्यांनी पाला नावाचे एक शहाणे बेट कल्पिले, तेथील तरुणांना दीक्षाविधीत अळंबीचे औषध दिले, आणि त्या औषधाला नाव दिले ‘मोक्ष’. दास्याच्या औषधालाही आमचा शब्द आणि मुक्तीच्या औषधालाही आमचाच! शब्द नेल्याबद्दल माझी फिर्याद नाही. शब्दांवर कोणाचा ताबा चालत नाही. परंतु मनाचा दरवाजा उघडणारी वस्तू एका राज्यात सोम ठरते आणि दुसऱ्यात मोक्ष, हा निवाडा कशावरून होतो, हा प्रश्न हक्सलींच्या मनाला अखेरपर्यंत लागून राहिलेला होता, आणि आपल्या आजच्या लेखनात तो मला कोठे आढळत नाही.

आपला सिद्धांत मी विपर्यस्त करू इच्छित नाही. बर्गसाँ आणि सी. डी. ब्रॉड या तत्त्वज्ञांकडून हक्सलींनी घेतलेली कल्पना अशी, की मेंदू हा चेतना निर्माण करणारा कारखाना नसून तिला आवर घालणारी एक झडप आहे. विश्वातील सर्व ज्ञान आत लोटू लागले तर देह जगणार नाही, म्हणून ही झडप जगण्यापुरते थेंब तेवढे आत सोडते, आणि मेस्कलिनसारखे द्रव्य ती झडप काही तासांपुरती सैल करते. मनोविकारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी ‘सायकेडेलिक’ हा शब्द घडवला तोही चित्ताला प्रकट करणारे अशा अर्थाने. पुढे अमेरिकन लेखक टेरेन्स मॅकेना यांनी याच विचाराला संस्कृतीच्या मीमांसेकडे वळवले आणि संस्कृती म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीसारखी, जन्मतः आपल्यावर चढवलेली एक आज्ञावली आहे, आणि ती आपल्या हिताची असेलच असे नाही, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. या विचारात सत्याचा मोठा अंश आहे असे मी मानतो. आपण पाहतो ते सगळे जग नव्हे, आणि आपल्या रूढींनी आपली दृष्टी बांधलेली आहे, हे मायावाद आणि शून्यवाद यांच्या छायेत वाढलेल्या माणसाला पटवून देण्याची गरज नसते. माझा विरोध झडप उघडण्याला नाही. ती कोणासाठी उघडली हे आपण विचारत नाही, त्याला आहे.

हे हक्सलींनी विचारले होते. १९५३ सालच्या मे महिन्यातील एका सकाळी लॉस एंजेलिसमधील आपल्या घरी त्यांनी चार दशांश ग्रॅम मेस्कलिन अर्धा ग्लास पाण्यातून घेतले, आणि पुढे फुलदाणीतील तीन फुलांमध्ये व विजारीच्या चुण्यांमध्ये त्यांना जे अस्तित्वाचे तेज दिसले त्याचे त्यांनी पुस्तकात केलेले वर्णन आपण सर्वांनी वाचलेले आहे. पण त्याच पुस्तकात एक लहानशी कबुली आहे, जिच्याकडे वाचकाचे लक्ष क्वचित जाते. खोलीत त्यांची पत्नी होती, ऑस्मंड होते, आणि या माणसांच्या डोळ्यांना डोळा देण्याचे आपण जाणूनबुजून टाळत आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. खुर्चीचे पाय अनंत झाले, आणि शेजारी बसलेली माणसे नकोशी झाली! या दर्शनाचा माणसामाणसांतील नात्यांशी, रोजच्या कामांशी आणि दुसऱ्याच्या दुःखाशी मेळ कसा घालावा, हे त्यांनी तेथेच स्वतःला विचारले. पालाचे बेट हे मला वाटते त्या प्रश्नाचे त्यांनी नऊ वर्षांनी दिलेले उत्तर आहे. तेथे मोक्षाचे औषध मिळण्यापूर्वी मुलाला डोंगराचा कडा चढावा लागतो, आणि ज्या दोरीने तो चढतो तिच्या दुसऱ्या टोकाला माणसे असतात. हक्सलींनी औषधाभोवती एक संपूर्ण समाज रचला, कारण समाजावाचून ते औषध पुन्हा सोमाचीच गोळी होईल, हे त्यांना दिसत होते.

आता ज्या डोंगरावरून हे अळंबे आपल्या हाती आले तेथे आपणांस घेऊन जातो. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या वाउत्ला दे हिमेनेस या मासातेक गावी २९ जून १९५५ च्या रात्री गॉर्डन वॉसन हे न्यूयॉर्कच्या एका बड्या पेढीचे उपाध्यक्ष आणि त्यांचे छायाचित्रकार मित्र अॅलन रिचर्डसन मारिया साबिना या विधवा वैदू बाईसमोर बसले. कोपाल राळेचा धूप, मेणबत्त्या, मग अंधार. अळंबी जोडीजोडीने खायची. वॉसन यांच्या वाट्याला सहा जोड्या आल्या, बाईने स्वतः तेरा घेतल्या. मासातेक लोक या अळंब्यांना पवित्र लेकरे म्हणत. अशा रात्रीला बसायचे तर काही कारण लागते, काही विचारायचे असावे लागते; म्हणून वॉसन यांनी आपल्या मुलाची खुशाली कळत नाही, ती जाणून घ्यायची आहे, असे सांगितले होते. पुढे वृद्धापकाळी मारिया साबिनाने आपली हकीकत आल्वारो एस्त्रादा यांना सांगितली, ती १९७७ साली प्रसिद्ध झाली, आणि तीत तिला ही पाहुणे मंडळी कशी आठवत होती? त्यांना कसलाही आजार नव्हता, ती देव शोधायला आली होती, अशी. वॉसन येण्यापूर्वी नुसता देव भेटावा म्हणून लेकरे कोणी घेत नसे, रोगी बरा व्हावा म्हणूनच ती घेतली जात, असे ती निक्षून सांगते.

मान्यवरहो, आपल्या सर्व वाङ्मयापेक्षा मला या निरक्षर बाईची ही एक साक्ष अधिक वजनदार वाटते. देव शोधणे हे आपल्या दृष्टीने उच्च आणि ताप उतरवणे हे क्षुद्र. तिच्या दृष्टीने क्रम उलटा होता. आणि विधीची रचनाही त्याला धरूनच होती, कारण तेथे औषध खाते ती मुख्यतः वैद्य. रोग्याने खावे की नाही हा पुढचा भाग. आधी वैद्याने आपली झडप उघडायची, रात्रभर गाणे म्हणत रोगाचा माग काढायचा, आणि पहाटे रिकाम्या हाताने परत यायचे नाही. आपल्या आजच्या उपचारकेंद्रांत वैद्य शुद्धीत खुर्चीवर बसतो, रोगी डोळ्यांवर पट्टी बांधून आडवा होतो, आणि तो ज्या मुलखात जातो तेथे त्याच्याबरोबर कोणी जात नाही. याची वैद्यकीय कारणे मला कळतात. शुद्धीतील माणसाच्या सावधपणाची किंमतही कळते. पण हा मूळ विधीचा नुसता शास्त्रीय अवतार आहे असे जेव्हा आपण लिहिता, तेव्हा त्या विधीचा कणाच बदलला आहे, एवढे तरी दप्तरी नोंदवावे.

पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे, तरी तो पुन्हा सांगणे मला भाग आहे. १३ मे १९५७ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात वॉसन यांचा सचित्र लेख आला. बाईचे नाव त्यांनी बदलले होते, पण छायाचित्रे होती, आणि गाव सापडायला वेळ लागला नाही. त्यानंतर त्या डोंगरात परदेशी तरुणांच्या झुंडी येऊ लागल्या. मारिया साबिनाचे घर जाळले गेले, तिच्यामागे पोलिसांचा ससेमिरा लागला, आणि परके आल्यापासून लेकरांचे बळ ओसरले, असे ती म्हणू लागली. १९८५ सालच्या नोव्हेंबरात ती वारली तेव्हा दारिद्र्यातच होती. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात तिच्या अळंब्यांवर उभे राहिलेले तत्त्वज्ञान व्याख्यानमंडपांतून भरभराटीला येत होते.

वॉसन यांच्याविषयी येथे एक अवांतर गोष्ट सांगावीशी वाटते. १९६८ साली त्यांनी वेदांतील सोम म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबीच होय, असा मोठा ग्रंथ लिहिला. आमच्या पुण्यातील श्रौतविद्येचे गाढे अभ्यासक चिं. ग. काशीकर यांनी १९९० साली सोमवनस्पतीच्या निश्चितीवर स्वतंत्र पुस्तक लिहून एफेड्रा या झुडपाच्या बाजूने कौल दिला. वाद वनस्पतीचा आहे आणि तो मिटवण्याचा अधिकार मला नाही. मात्र सोमयागाचा प्रयोग ज्यांनी वाचला वा पाहिला आहे त्यांना हे माहीत असते की, तेथे सोम कुटणारे, गाळणारे, आहुती देणारे आणि चमसातून प्राशन करणारे ऋत्विज ठरलेले असतात, प्रत्येकाचा क्रम मुकरर असतो, आणि या सगळ्या खटाटोपाचे फळ ज्याच्या नावे रुजू होते तो यजमान वेगळा असतो. सोम कोणता हे शोधताना, सोम कोणासाठी, हे विचारायचे राहून गेले.

आता माझ्या जवळची एक गोष्ट सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक बाई होत्या, त्यांना सारा गाव आक्का म्हणे. नवरात्रातल्या अष्टमीच्या रात्री, देवळाच्या ओट्यावर संबळ वाजू लागला की त्यांच्या अंगात येई. केस मोकळे सुटलेले, कपाळावर हळदकुंकवाचा मळवट, गुडघ्यांवर हात टेकून त्या घुमू लागत, आणि मग एकेक बाईमाणूस पुढे होऊन ओटी घाली व विचारी: धाकट्याचा ताप उतरत नाही, गाय चार दिवस परतली नाही, थोरला मुंबईहून पत्र धाडत नाही. त्यांनी काही खाल्लेले नसे, प्यालेले नसे. उलट दिवसभर उपवास असे. माझे वडील शिक्षक होते, त्यांचा या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, आणि माझाही नाही. अशा दरबारांतून फसवणूक होते, माणसे डॉक्टरांकडे जायची राहतात, आणि महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो विनाकारण नव्हे. पण मला आठवते ती त्यानंतरची सकाळ. रात्रीचे काहीच आठवत नसलेल्या, घसा बसलेल्या आक्का पहाटे उठून अंगणात सडा घालीत, मग रात्री कोण काय विचारून गेले ते शेजारणीकडून ऐकून घेत, आणि ज्या घरात तापाचे पोर असेल तेथे पितळेच्या वाडग्यातून तांदळाची पेज घेऊन स्वतः जात. एका वर्षी ते पोर मी होतो. दारात उभ्या राहून त्यांनी आईला विचारले, “उतरला का गं?” आणि पदराने वाडगा धरून तो चुलीजवळ ठेवला, कारण तो अजून गरम होता.

देवी आली होती की नाही हा वाद आपण मानसशास्त्रज्ञांवर सोपवू. आक्कांची ती अवस्था मात्र आक्कांच्या मालकीची नव्हती. तिच्यावर गल्लीचा हक्क होता, आणि त्या हक्काची वसुली दुसऱ्या दिवशी सकाळी होत असे. आपण संस्कृतीला चढवलेली आज्ञावली म्हणता आणि तिच्यातून सुटण्यासाठी द्रव्याकडे वळता, तेव्हा अनुभवावरचा हा हक्कही आपण तिच्याबरोबरच फेकून देता, आणि मग मागे उरतो तो एकट्याचा अनुभव, ज्याचा हिशेब मागायला कोणी येत नाही.

औषधाने चित्ताची अवस्था पालटते हे आमच्या शास्त्रकारांनी नाकारले नाही. पतंजलींनी कैवल्यपादाच्या पहिल्याच सूत्रात सिद्धींची जी पाच मुळे सांगितली त्यांत औषधी आहे, आणि त्यापूर्वी विभूतिपादात त्याच सिद्धी समाधीच्या वाटेवर अडथळा होतात असा इशाराही देऊन ठेवला आहे. अलीकडचा दाखला हवा असेल तर तेव्हाच्या अहमदनगरजवळच्या मेहेर बाबांचा घ्यावा. १० जुलै १९२५ पासून मौन धरलेल्या या पुण्यात जन्मलेल्या जरथुष्ट्री गुरूंनी चाळीस वर्षांनंतर, आपल्याकडे आलेल्या व पत्रे लिहिणाऱ्या अमेरिकन तरुणांना हातांच्या खुणांनी निक्षून बजावले की, एलएसडीसारखी द्रव्ये देहाला, मनाला आणि आत्म्याला घातक आहेत. १९६६ साली गोळीतला देव या प्रश्नावर त्यांची पुस्तिकाच निघाली. त्यांचा हा सरसकट निषेध मला पूर्णपणे मान्य नाही. परंतु तो करणारा माणूस उन्मनी अवस्थेला भिणारा नव्हता, हे विसरू नये. रस्त्यांवर, उकिरड्यांवर बसलेल्या ईश्वरवेड्या मस्तांना शोधत त्यांनी हिंदुस्थान पालथा घातला होता, त्यांना स्वतःच्या हाताने न्हाऊ घातले होते, जेवू घातले होते. झडप कायमची निखळलेल्या माणसाला अंघोळ घालावी लागते, हे त्यांना ठाऊक होते.

तंत्रविद्येच्या बाजूने पाहता हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. १९६६ साली कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे अभियंते, वास्तुविशारद, गणिती अशा सत्तावीस जणांना मेस्कलिन देऊन त्यांच्या कामातील अडलेले प्रश्न सोडवायला बसवण्यात आले, आणि कित्येकांचे प्रश्न सुटले. मला हा प्रयोग हक्सलींच्या अनुभवापेक्षा वाउत्लाला अधिक जवळचा वाटतो, कारण तेथे निदान काहीतरी विचारायचे होते. पण ते प्रश्न यंत्राचे, रेखाटनाचे, व्यवसायाचे होते. ज्याला रात्री झोप लागत नव्हती अशा तिसऱ्या माणसाचा एकही नव्हता. त्याच परिसरात पुढे संगणकाचे साम्राज्य उभे राहिले, आणि आज तेथील तरुण कामाचा उरक वाढावा म्हणून या द्रव्यांच्या सूक्ष्म मात्रा घेतात असे आपणच अभिमानाने सांगता. कामाचा उरक वाढवणारी, चित्त प्रसन्न ठेवणारी, अडचणीचे प्रश्न पडू न देणारी गोळी! तिचे नाव हक्सलींनी १९३२ सालीच सांगून ठेवले आहे.

आपल्यापैकी ज्या वैद्यांनी रोग्याला पुन्हा खोलीत आणले त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. २०१६ साली जॉन्स हॉपकिन्स आणि न्यूयॉर्क विद्यापीठ येथून कर्करोगाने मृत्यूच्या छायेत आलेल्या रुग्णांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि या अळंब्यांतील सायलोसायबिन या द्रव्याच्या एका मात्रेनंतर त्यांतील बहुसंख्यांची भीती व विषण्णता सहा महिन्यांनंतरही ओसरलेली आढळली; हे वाचताना मला मारिया साबिनाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून विशिष्ट मनोविकारतज्ज्ञांना हे द्रव्य देण्याची मुभा दिली, ऑरिगॉन राज्याने परवाने देऊन केंद्रे उघडली. आमच्याकडे १९८५ च्या कायद्याने ते सर्व निषिद्ध आहे, आणि तो कायदा मोडण्याचा सल्ला मी कोणाला देत नाही. पण ज्या पदार्थाच्या विशिष्ट स्फटिकरूपावर अमेरिकेत एकस्वाचा अधिकार मंजूर होतो, त्या पदार्थाचा माग ज्या गावाने दाखवला त्या गावाच्या नावे त्या सनदेत एक ओळही नसावी, ही गोष्ट कायद्यात बसत असेल, न्यायात बसत नाही. जैविक संपत्तीच्या लाभाची वाटणी तिचे जतन करणाऱ्या समाजांशी करावी असा नागोया करार २०१० साली झाला आहे. अमेरिका त्याने बांधलेली नसली तरी आपण स्वतः बांधून घेऊ शकता. ही माझी पहिली दरखास्त.

दुसरी तत्त्वचिंतकांना आहे. अनुभव किती गूढ होता हे मोजणाऱ्या आपल्या प्रश्नावल्या मी पाहिल्या आहेत; एकत्वाची जाणीव झाली का, काळाचे भान लोपले का, शब्दांत सांगता येईना असे वाटले का, असे त्यांत विचारलेले असते. त्यांच्या शेवटी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, त्या माणसाच्या शेजाऱ्याला, पत्नीला, नोकराला काही विचारण्याची तजवीज करावी. ज्यांच्या डोळ्यांना हक्सलींनी त्या सकाळी डोळा दिला नाही, त्यांची साक्ष घेतल्याशिवाय या अनुभवाचा निवाडा होऊ नये.

शेवटी एका प्रसंगाची आठवण करून देतो; तो आपल्याच आल्बर्ट हॉफमान यांनी लिहून ठेवला आहे. सायलोसायबिन अळंब्यातून वेगळे काढून ते प्रयोगशाळेत घडवणारे हे स्विस रसायनशास्त्रज्ञ १९६२ साली वॉसन यांच्याबरोबर वाउत्लाला गेले आणि आपल्या कंपनीने केलेल्या गोळ्या त्यांनी मारिया साबिनाला दिल्या. गोळ्यांचा असर अळंब्यांपेक्षा सावकाश चढतो, त्यामुळे प्रथम सगळ्यांना वाटले की यांत काही नाही. मग रात्र सुरू झाली. पहाटे बाईने कौल दिला की गोळ्यांत आणि अळंब्यांत काही फरक नाही. जगातील अत्यंत प्रगत रसायनविद्येने तिच्या लेकरांचे रूप काचेच्या बाटलीत घालून तिच्या पुढ्यात ठेवले होते, आणि हॉफमान यांनी ती बाटली तिला भेट दिली तेव्हा तिला आनंद झाला तो याचा, की वर्षातल्या ज्या महिन्यांत डोंगरात अळंबी उगवत नाहीत त्यांतही दारी आलेल्या रोग्याला आता परत पाठवावे लागणार नाही.

आपला नम्र,
एक मराठी वाचक